पोलाक, पोल, पोलोनेस, ल्याख: एकाच माणसाची युरोपभर बदलणारी नावं

अनुवादिका

स्वीडनच्या वर्तमानपत्रांत 'पोलाक' हा शब्द सर्रास छापून येतो आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. पोलंडचा माणूस तो पोलाक, इतकाच त्याचा अर्थ. हाच शब्द शिकागोतल्या पोलिश वंशाच्या एखाद्या आजोबांसमोर काढा, ते दुखावले जातील. जर्मनीत कचेरीत कुणी सहकाऱ्याला 'पोलाके' म्हणालं तर प्रकरण वरपर्यंत जाईल. आणि खुद्द पोलंडमध्ये मात्र प्रत्येक पुरुष स्वतःला पोलाकच म्हणवतो. त्यांच्या भाषेत त्याला दुसरा साधा शब्दच नाही.

मी जर्मनमधून मराठीत अनुवाद करते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लेखनात हा शब्द सारखा भेटतो आणि दर वेळी थांबावं लागतं. बोलणारा नुसती ओळख सांगतोय की तोंड वाकडं करून बोलतोय? त्या निमित्ताने बरंच वाचलं, ते इथे मांडते. वेगवेगळ्या देशांत राहणारे लोक इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

मुळात शब्दात वाईट काहीही नाही. पोलिशमध्ये 'पोले' म्हणजे शेत, मोकळं रान. त्यावरून पोलाने ही जमात, त्यावरून पोल्स्का हा देश आणि पोलाक हा माणूस, अशी सांगड बहुतेक अभ्यासक घालतात. शेजाऱ्यांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला. इंग्रजीतही तो आला तेव्हा साधाच होता. आगरकरांनी ज्याचं 'विकारविलसित' केलं त्या हॅम्लेटमध्ये फोर्टिनब्रासची फौज पोलंडवर चालून जाते, तेव्हा हॅम्लेट त्या सैन्यातल्या एका अधिकाऱ्याशी बोलताना 'पोलाक' म्हणतो. तिथे त्याचा अर्थ पोलंडचा राजा किंवा पोलंडचे लोक एवढाच आहे, हेटाळणी अजिबात नाही. पुढे इंग्रजीत 'पोल' हा आटोपशीर शब्द रुळला आणि 'पोलाक' मागे पडला.

तो परत आला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, अमेरिकेत. पेन्सिल्व्हेनियाच्या कोळसा खाणी, पिट्सबर्गच्या पोलाद भट्ट्या, शिकागोचे कत्तलखाने इथे पोलंडमधून माणसांचे लोंढे आले. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हता. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. म्हणजे या माणसांकडे स्वतःच्या देशाचा कागद नव्हता, इंग्रजी नव्हतं, आणि ती कमी मजुरीत राबायला तयार होती. १० सप्टेंबर १८९७ रोजी पेन्सिल्व्हेनियात लॅटिमर इथे निःशस्त्र संपकरी खाणकामगारांवर शेरीफच्या माणसांनी गोळीबार केला. १९ जण मेले. त्यांत पोलिश होते, स्लोव्हाक होते, लिथुआनियन होते. बहुतेकांना पाठीमागून गोळ्या लागल्या होत्या, तरी शेरीफ आणि त्याचे साथीदार निर्दोष सुटले. माणसाकडे अशा नजरेने बघितलं जातं तेव्हा त्याचं नाव शिवी व्हायला वेळ लागत नाही. पुढे १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'पोलिश माणूस म्हणजे मूर्ख' या ठरीव विनोदांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं.

जर्मनमध्येही 'पोलाक' आधी साधाच शब्द होता. फाळणीनंतर लाखो पोलिशभाषक प्रशियाचे प्रजाजन झाले आणि सत्ताधारी कोण, ताबेदार कोण हे ठरून गेलं. 'पोले' हा नेमस्त शब्द राहिला, 'पोलाके' खाली घसरला. मग ८ मार्च १९४० चे हुकूम आले. जर्मनीत वेठीला आणलेल्या प्रत्येक पोलिश मजुराने कपड्यांवर पिवळ्या चौकटीत जांभळा 'पी' शिवलेला घालायचा. त्या काळात 'पोलाके' ही हाक ज्यांनी ऐकली, त्यांच्या घरांत तो शब्द आजही साधा नाही.

मला असं दिसतं की ज्या समाजाला पोलिश माणूस आधी मजूर किंवा जित म्हणून भेटला, तिथे शब्द कडवट झाला. तुमच्याकडचं चित्र कसं आहे?

कोपनहेगनी

उत्तम धागा. डेन्मार्कबद्दल लिहितो, कारण इथलं उदाहरण तुमच्या निष्कर्षाला सरळ लागू पडत नाही.

१८९३ पासून लोलँड आणि फाल्स्टर या बेटांवर साखरेच्या बिटाच्या मळ्यांत पोलिश मजूर येऊ लागले. बहुतेक तरुण मुली, ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशियामधून आलेल्या. वसंतात यायचं, बीट खुरपायचं, काढायचं आणि हिवाळ्याआधी परतायचं. डॅनिशमध्ये त्यांना 'रोएपोलाकर' म्हणतात, म्हणजे बिटावरचे पोलाक. त्यांच्या राहण्याची आणि मजुरीची हालत इतकी वाईट होती की १९०८ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, आणि लोक त्याला 'पोलाक कायदा'च म्हणत. लोलँडवर टोगेरुप इथे त्यांची बराक संग्रहालय म्हणून जपली आहे.

म्हणजे इथेही पोलिश माणूस मजूर म्हणूनच आला, गरीब म्हणूनच आला. तरी 'पोलाक' हा डॅनिशमध्ये आजही साधा शब्द आहे. टोन वाईट लावता येतो, तो कुठल्याही शब्दाला लावता येतो. पण बातमीत, सरकारी आकडेवारीत, शेजाऱ्याबद्दल बोलताना हाच शब्द. रोएपोलाकरांची नातवंडं-पतवंडंही तो सहज वापरतात.

बर्लिनवासी_अ

जर्मनीतल्या रूर या कोळसा खोऱ्याबद्दल थोडं, कारण तिथे हा शब्द कुणाला चिकटला हे बघण्यासारखं आहे.

१८७० नंतर प्रशियाच्या पूर्वेकडून खाणींत कामाला लोक आले. कायद्याने ते प्रशियाचेच नागरिक, परदेशी नव्हतेच. बोखुम हे त्यांचं केंद्र. तिथून 'व्यारुस पोल्स्की' हे पोलिश वर्तमानपत्र १८९० पासून निघायचं, आणि १९०२ मध्ये पोलिश कामगारांनी तिथेच स्वतःची संघटना काढली. पण याच लोंढ्यात माझुरिया भागातले लोकही होते. ते पोलिशसारखी बोली बोलत, पण प्रोटेस्टंट होते आणि स्वतःला प्रशियाच्या राजाचे निष्ठावंत मानत. पोलिश राष्ट्रवादाशी त्यांचा संबंध नव्हता. खाणीत मात्र सगळे सरसकट 'पोलाके'.

फुटबॉलप्रेमींना शाल्क ठाऊक असेल. गेल्सनकिर्शेनचा खाणकामगारांचा संघ. १९३४ मध्ये त्यांनी पहिल्यांदा जर्मन विजेतेपद मिळवलं. त्यांचे दोन मोठे खेळाडू, एर्न्स्ट कुत्सोरा आणि फ्रिट्झ शेपान, दोघांची घराणी माझुरियातली. प्रतिस्पर्धी त्यांना 'पोलाकेनफेराइन', पोलाक्यांचा संघ, म्हणून हिणवायचे. ज्यांनी स्वतःला कधी पोलिश म्हणवलं नाही त्यांच्यावरही शब्द असा बसतो. आडनाव 'स्की'ने किंवा 'आ'ने संपलं की पुरे.

तर्कटी

@अनुवादिका, कोपनहेगनींच्या प्रतिसादाचं काय करायचं? डेन्मार्कमध्येही राबणारे गरीब मजूर, तरी शब्द स्वच्छ. स्वीडनने तर १६५५ मध्ये पोलंड लुटून उद्ध्वस्त केला, पोलिश लोक त्या काळाला 'महापूर' म्हणतात. जेता आणि जित हे नातं तिथेही होतं. मग गरिबी आणि जेतेपण एवढ्याने भागत नाही.

अनुवादिका

@तर्कटी, बरोबर, आणि कोपनहेगनींच्या उदाहरणातच मला दुसरी अर्धी बाजू दिसते. डॅनिशमध्ये, स्वीडिशमध्ये, नॉर्वेजियनमध्ये पोलिश पुरुषासाठी एकच नाम आहे. शब्द टाकून दिला तर सभ्यपणे बोलायला दुसरा उरत नाही. म्हणून त्याला घाण चिकटली तरी रोजच्या वापराने ती धुतली जाते. इंग्रजीत आणि जर्मनमध्ये जोडी होती. पोलाक आणि पोल, पोलाके आणि पोले. जोडी असली की समाज एकाला पाहुण्यांसाठी ठेवतो आणि दुसऱ्याला मजुरांसाठी.

इटालियनवर हे तपासता येतं. तिथे फक्त 'पोलाक्को'. कानाला तो आपल्या वादग्रस्त शब्दाचा सख्खा भाऊ वाटतो, पण पूर्ण निरागस. १९७८ मध्ये कारोल वोयतिवा पोप झाले तेव्हा अख्खा इटली त्यांना प्रेमाने 'पापा पोलाक्को' म्हणत होता.

फ्रेंचमध्ये पुन्हा जोडी. 'पोलोने' हा रीतसर शब्द, 'पोलाक' हा खाणवस्तीतला. १९१९ च्या करारानंतर उत्तर फ्रान्सच्या कोळसा खाणींत पोलिश कामगार बोलावले गेले, १९३१ पर्यंत फ्रान्समधली पोलिश वस्ती ५ लाखांवर पोचली. मंदी आली तेव्हा हजारोंना आगगाडीत बसवून परत पाठवलं. त्या वस्त्यांतल्या शाळांत पोरं एकमेकांना काय म्हणत असतील हे सांगायला नको.

मांडवीतीर

जोडीचं म्हणणं पोर्तुगीजने फार चांगलं सिद्ध होतं, म्हणून लिहिते. आमच्या घरात आजीच्या पिढीपर्यंत पोर्तुगीज होती.

पोर्तुगालमध्ये पोलिश माणूस 'पोलाको', बाई 'पोलाका'. पूर्ण साधे शब्द, तिथल्या वर्तमानपत्रात तेच. ब्राझीलमध्ये मात्र लेखी भाषेत 'पोलोनेस' आणि 'पोलोनेझा'. एकच भाषा, मग फरक का पडला?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पूर्व युरोपातल्या गरीब ज्यू मुलींना लग्नाचं आमिष दाखवून रिओ, साओ पाउलो, ब्यूनोस आयर्स इथल्या वेश्यावस्त्यांत विकलं जाई. त्यांत कुणी पोलंडच्या, कुणी रशियाच्या, कुणी रुमानियाच्या. ब्राझीलमध्ये त्या सगळ्या 'पोलाकास' झाल्या, आणि मग 'पोलाका' म्हणजेच वेश्या असा अर्थ रूढ झाला. इतर ज्यू समाजाने त्यांना दूर ठेवलं, आपल्या दफनभूमीत जागाही दिली नाही. तेव्हा रिओतल्या या बायकांनी १९०६ मध्ये स्वतःची मदत संस्था काढली, इन्याउमा इथे स्वतःची दफनभूमी केली. ज्यांना कुणी नाव देताना विचारलं नाही, त्यांनी एकमेकींची थडगी नावानिशी बांधली. हे वाचल्यापासून तो शब्द मला हलक्या हाताने वापरता येत नाही.

त्याच ब्राझीलमध्ये पाराना प्रांतात १८७१ पासून पोलिश शेतकरी कुटुंबं वसली. कष्टाळू, श्रद्धाळू माणसं. त्यांच्या लेकीसुनांना 'पोलाका' म्हणणं म्हणजे काय झालं याची कल्पना करा. फ्रेंच वळणाचा 'पोलोनेस' पुढे आला तो या अडचणीतून. तरी कुरितिबाकडचे पुष्कळ वंशज आज स्वतःला हक्काने 'पोलाको' म्हणवतात. शिवी मानायला ते तयार नाहीत.

अर्जेंटिनातही एक गोष्ट अशीच. या धंद्यातल्या दलालांनी १९०६ मध्ये धर्मादाय संस्थेच्या बुरख्याखाली जी टोळी उभी केली, तिचं नाव ठेवलं 'वार्सोविया', म्हणजे वॉर्सा. पोलंड पुन्हा स्वतंत्र झाल्यावर त्यांच्या वकिलातीने आक्षेप घेतला आणि १९२९ मध्ये ते नाव बदलून 'झ्वी मिग्दल' झालं. देश मिळाल्यावर त्यांनी आपलं नाव सोडवून घेतलं.

आमच्या गोव्यात 'घाटी' शब्दाचं असंच आहे. घाटावरून आलेला, एवढाच अर्थ. घाटावरच्या माणसाला त्यात काही लागत नाही, पण पणजीच्या बाजारात ज्याने तो ऐकून घेतलाय त्याला विचारा.

सह्यकडा

+१ मांडवीतीर. अंगावर काटा आला.

स्पेनची भर घालतो. तिथे 'पोलाको' पोलिश माणसासाठी साधाच, पण कॅस्टिलियन, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती भाषा, बोलणारे काही लोक कॅटलान माणसाला, म्हणजे स्पेनमधल्याच पण वेगळी भाषा बोलणाऱ्या कॅटलोनियाच्या माणसाला, हिणवून 'पोलाको' म्हणतात. म्हणजे तुम्ही काय बडबडता ते आम्हाला कळत नाही, तुम्ही परकेच. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात लष्करी छावण्यांत कॅटलान पोरांनी हे फार सोसलं. कॅटलान लोकांनी त्यावर काय केलं? २००६ पासून त्यांच्या सरकारी वाहिनीवर राजकीय नकलांचा कार्यक्रम चालू आहे, त्याचं नावच 'पोलोनिया'. अतिशय लोकप्रिय. या सगळ्यात बिचाऱ्या पोलंडचा काडीमात्र संबंध नाही.

कोपनहेगनी

अवांतर: उत्तरेकडच्या भाषांत माणसाचं नाव स्वच्छ राहिलं, पण संसदेचं नाही. डॅनिशमध्ये 'पोल्स्क रिग्सडाग', स्वीडिशमध्ये 'पोल्स्क रिक्सडाग', डचमध्ये 'पोल्स लांडडाग', सगळ्यांचा अर्थ 'नुसता गोंधळ, निष्पन्न शून्य'. मूळ आहे 'लिबेरुम वेटो'. पोलंडच्या संसदेत एका सदस्याने 'मला मान्य नाही' म्हटलं की अख्खं अधिवेशन बरखास्त. १६५२ मध्ये ते पहिल्यांदा घडलं. खरं तर प्रत्येकाच्या मताला किंमत देणारी ही कल्पना, पण शेजारच्या राजांनी सदस्य विकत घेऊन तीच पोलंडच्या गळ्याला लावली, आणि वर तिची म्हणही केली.

तर्कटी

डचमध्ये जोडी आहे ना? 'पोल' आणि 'पोलाक'?

कोपनहेगनी

आहे. माणसासाठी 'पोल' रीतसर. 'पोलाक' जुना आणि आता हलका. पण तेच डच ज्यूंचं प्रतिष्ठित आडनावही आहे, पूर्वज पोलंडहून आले म्हणून. अॅमस्टरडॅमच्या हिरे कामगारांची संघटना १८९४ मध्ये उभी करणारे हेन्री पोलाक हे नेदरलँड्सच्या कामगार चळवळीतलं मोठं नाव.

रंकाळा

सगळे 'पोल'वरून आलेल्या शब्दांबद्दल बोलताय. पोलंडला दुसरं एक घराणंही आहे, आणि त्याचा कोल्हापूरशी थेट धागा जुळतो.

पोलंडच्या पूर्व सीमेवर 'लेंज्याने' नावाची जमात होती. पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांना आधी तीच भेटली, म्हणून त्यांनी सगळ्या पोलिश लोकांना तिचं नाव दिलं. हंगेरियनमध्ये 'लेंद्येल', लिथुआनियनमध्ये 'लेंकास', जुन्या रशियन-युक्रेनियनमध्ये 'ल्याख', तुर्कीत 'लेह' आणि देशाला 'लेहिस्तान'. मूळ एक, पण चव बघा. हंगेरीत 'लेंद्येल' म्हणजे भाऊ. पोलिश आणि हंगेरियन दोघे तलवार चालवण्यात आणि पेला रिचवण्यात भाऊभाऊ, अशी म्हण दोन्ही भाषांत आहे. युक्रेनमध्ये 'ल्याख' म्हणजे जमीनदार, कझाक सरदार ख्मेल्नित्स्कीच्या १६४८ च्या उठावातला शत्रू. आज युक्रेनियन माणूस सभ्यपणे 'पोल्याक'च म्हणेल, 'ल्याख' नाही. पुन्हा जोडी.

फारसीत मात्र पोलंड आजही 'लहेस्तान' आहे. आणि १९४२ मध्ये रशियाच्या छावण्यांतून सुटलेले लाखाहून जास्त पोलिश लोक, सैनिक आणि त्यांच्यामागे बायका-मुलं, कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पहलवी बंदरावर उतरले. इराणी लोकांनी त्यांना 'लहेस्तानी' म्हणून घरची खजूर-अंडी दिली. त्यांतल्याच काही कुटुंबांची वाट पुढे कराचीवरून आमच्या वळीवड्याला आली. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश लोक राहत होते. शाळा, चर्च, नाटकं, स्काउट, सगळं होतं. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. महावीर उद्यानात त्या पोलिश लोकांचं स्मारक आहे, वॉर्सामध्ये कोल्हापूरचं आहे.

तर्कटींचा 'जेता-जित' मुद्दा इथेही बघता येतो. आमच्याकडे ते मजूर म्हणून आले नाहीत, मालक म्हणूनही नाही. पाहुणे म्हणून आले. म्हणून आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात 'पोलंडची माणसं' एवढंच येतं, आणि आवाज मऊ होतो.

सह्यकडा

@रंकाळा, सुंदर. पाहुण्यांवरून हैतीची आठवण झाली. १८०२-०३ मध्ये नेपोलियनने तिथला गुलामांचा उठाव मोडायला पोलिश पलटणी पाठवल्या. त्यांतले काही उठाव करणाऱ्यांच्या बाजूला गेले. स्वतंत्र हैतीच्या १८०५ च्या राज्यघटनेने गोऱ्या माणसाला जमीन घ्यायला मनाई केली, आणि लगेच पुढच्या कलमात तिथे नागरिक झालेल्या पोलिश आणि जर्मन लोकांना त्यातून वगळलं. त्या एका देशाच्या कायद्यात 'पोलिश' म्हणजे आपला माणूस.

तर्कटी

जोडीचा मुद्दा पटला. आता व्यवहाराचं विचारतो. @अनुवादिका, मराठीत तुम्ही काय लिहिता? आपल्याकडे 'पोलिश' विशेषण आहे, नाम नाही. 'पोल' म्हटलं की विजेचा खांब डोळ्यांसमोर येतो.

अनुवादिका

@तर्कटी, लेखक स्वतः बोलत असेल आणि शब्द साधा असेल तर 'पोलिश माणूस', 'पोलिश बाई', 'पोलिश लोक'. स्वीडिशमधला 'पोलाक' मराठीत आणायचा झाला तरी हेच लिहीन, कारण तिथे मूळ शब्दात डंख नाही. अक्षरं सारखी दिसली म्हणून 'पोलाक' ठेवला तर मराठी वाचकाला इंग्रजीची सवय असते, त्याला नसलेला अपमान ऐकू येईल.

जर्मनमध्ये पात्राच्या तोंडी 'पोलाके' असेल तर मात्र मी शब्द ठेवते आणि काम मराठी व्याकरणाकडून करून घेते. तुच्छतेला आपल्याकडे संबोधन आणि एकवचन आहे. मुकादम खाणीच्या तोंडाशी उभा राहून 'ए पोलाका, चल आत' म्हणाला की टीप द्यायची गरज राहत नाही. तेच पात्र पुढे धर्मगुरूसमोर 'पोले' म्हणतं, तिथे 'पोलिश गृहस्थ' आणि आदरार्थी क्रियापद. एकाच माणसाने एकाच दिवशी दोन ठिकाणी वापरलेले हे दोन शब्द, जोडी अनुवादातही टिकली पाहिजे.

मांडवीतीर

आणि ब्राझीलच्या मजकुरात 'पोलाका' आला तर?

अनुवादिका

तिथे आधी साल आणि गाव बघावं लागेल. कुरितिबाच्या शेतकऱ्याची मुलगी स्वतःबद्दल म्हणत असेल तर 'आम्ही पोलिश'. १९१० च्या रिओतला कुणी पुरुष म्हणत असेल तर 'पोलाका'च ठेवीन, पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच अर्थ उकलून. मात्र त्या बायकांच्या संस्थेबद्दल निवेदक बोलत असेल तर त्यांनी तिला जे रीतसर नाव दिलं होतं तेच लिहीन.